बोटीच्या चित्राला आवाज नव्हता

दोन हजार चार साली, एका मंगळवारी, माझा भाऊ डॉमनिक बोटीवर वारला. कंपनीचा फोन बुधवारी आला. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. मी घरी गेले आणि आईला सांगितलं.

या धाग्यावरचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचते आहे. त्यातले अर्धेअधिक मला पटले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी विरारच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी करते. नीट शोधलं तर बहुतेक गोष्टींचं कारण कुठेतरी सापडतं, असं मानून माझं आयुष्य गेलं. उतारे, नजर, अंगात येणं... यातलं काही मी कधी मनावर घेतलं नाही, आजही घेत नाही. फक्त ही एकच गोष्ट अशी आहे की तिचं कारण मी खरोखर शोधलं – चिकाटीने शोधलं – आणि मिळालं नाही. सवय नाही, म्हणून हळूहळू लिहिते. घरात आमची बोली वेगळी आहे. इथे सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहिते, आईची वाक्यं मात्र जमतील तशी तिच्याच तोंडची ठेवते.

आमचं घर नंदाखालला, केळीच्या वाडीत. रस्त्यावरून घर दिसत नाही. रस्ता सोडून आत आलं की आमचं बावखल लागतं – बावखल म्हणजे वाडीतलं तळं, त्याचंच पाणी केळींना – आणि तिथे पायवाट वळते. त्या वळणाच्या पुढे केळीची पानं इतकी दाट की समोरचं माणूस ओळखू येत नाही. म्हणून आमच्याकडे हाकेची पद्धत आहे. घरातून निघालेला माणूस वळणावर पोचला की एक लांब हाक घालतो, आणि घरातल्यांनी 'ओ' द्यायची. ओ मिळाली की तो पुढे जातो. प्रत्येकाची हाक वेगळी. डॉमनिकची 'कूऽऽ' अशी वर चढायची आणि शेवटी एकदम खाली घसरायची. मिसरूड फुटताना त्याचा आवाज फुटला, तेव्हापासून ती घसरण राहून गेली. आम्ही चिडवायचो, पण त्याने ती बदलली नाही.

या पद्धतीला एक नियम आहे. अंधारात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरी आली की द्यायची. माणूस दोनदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, आणि त्याला ओ दिली की ते घरात येतं. आम्ही रविवार न चुकवता चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, जाणारी माणसं. तरी आई हा नियम पाळायची, तिची आई पाळायची, आणि खरं सांगायचं तर सवयीने मीही पाळायचे.

डॉमनिक एका परदेशी कंपनीच्या प्रवासी बोटीवर होता. वरच्या डेकवर खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना टॉवेल द्यायचे, संध्याकाळी सगळं आवरायचं. शेवटच्या खेपेला तो उजाडायच्या आधी निघाला, कारण विमान सकाळचं होतं. आईने अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. तो बॅग घेऊन गेला आणि वळणावरून त्याने हाक घातली. एक. आई दारात उभी, तोंड उघडून, दुसरीची वाट बघत. तेवढ्यात रस्त्यावर गाडीवाल्याने हॉर्न लावून धरला, दार आपटलं, गाडी गेली.

"एकच मारली," आई म्हणाली.

तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट तो बंदरावरून फोन करायचा तेव्हा त्या दोघांची त्यावरून मस्करी चालायची. मी फोनला कान लावून ऐकायचे.

"आये, तू ओ नाय दिली. मी काय भूत हाय का?"

"एकदाच वरडलास तर मला काय ठावं कोन हाय ते! भूतच आसशील."

"बरं, मंग दुसरी ऱ्हायली माझी. मारीन कवातरी. ऐकत ऱ्हा."

मग तो मंगळवार आला.

शवपेटी यायला बरेच दिवस लागले. ती पत्र्याने बंद केलेली होती आणि उघडू नये असा कंपनीचा निरोप होता. आईने चेहरा पाहिला नाही. चर्चच्या दफनभूमीत तिने मूठभर माती टाकली, ती कुणा परक्याला टाकावी तशी. रडली नाही. घरी आली, दाराशी बसली आणि तिथेच राहिली.

दोन-तीन आठवडे मला काही कळलं नाही. मला वाटलं, दुःख आहे, निघेल. पण ती घराबाहेर पडेना. मिस्सेला नाही, बाजाराला नाही, त्याच्या कबरीवर फुलं ठेवायलाही नाही. पहाटे मला जाग यायची तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली असायची, मान एका बाजूला कलती करून. मिक्सर लावू द्यायची नाही, रेडिओ लावू द्यायची नाही. जेवण घास-दोन घास. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, काय ऐकतेस तू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी.

"त्यानं सांगितलंय ना दुसरी मारनार म्हनून. मी घरात नसले तर ओ कोन देनार? तू? तू तर कॉलेजात."

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, या वयात शरीर किती ओढणार. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. भाऊ गेला होता. आता आई जाणार, हे मला दिसत होतं.

मग काही महिन्यांनी राजोडीचा पास्कल सुट्टीवर आला. तो डॉमनिकबरोबर त्याच बोटीवर होता. आईसमोर बसून त्याने सगळं सांगितलं. सकाळी खुर्च्या मांडून झाल्यावर डॉमनिक कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकला, जिथे लाल-पांढरी जीवरक्षक चाकं टांगलेली असतात तिथे. पास्कलला वाटलं दमला असेल. चहा घेऊन परत आला तर...

शेवटी आई एवढंच म्हणाली, "ती खुर्ची मला दाखव."

"मावशी, ती आता समुद्रात फिरतेय कुठेतरी," पास्कल म्हणाला. मग जरा विचार करून माझ्याकडे वळला. "पण बाय, कंपनीच्या वेबसाइटवर सगळी बोट दाखवतात. फोटो नाय, गोल फिरनारं. माऊसनं ओढलं का डेक चारी बाजूंनी दिसतो. तो कोपरा पन हाय त्याच्यात."

आई माझ्याकडे बघायला लागली. त्या सगळ्या महिन्यांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

विरारला कॉलेजपासून जवळ शिंदे वहिनींचं दुकान होतं – एसटीडी, झेरॉक्स आणि मागे प्लायवूडची पार्टिशनं टाकून सायबर कॅफे. वहिनी मूळच्या साताऱ्याकडच्या, मोठ्या आवाजाच्या. मी एका कोपऱ्यात बसून साइट उघडली. हसणारी माणसं, निळं पाणी, खाली 'डेकचा फेरफटका'. त्यावर क्लिक केलं तर एक राखाडी चौकोन आला आणि त्यात फाटक्या कागदाचं चिन्ह. बाकी काही नाही.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ होती: चित्रं किंवा फिल्म दिसत नसल्यास मदत. मी ते मदतीचं पान उघडलं. वाचायची मला सवय आहे, म्हणून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. ब्राउझर जुना असेल तर नवा घ्या. अमुक प्लेअर टाका. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवल्या असतील तर मोकळ्या करा. नेट मंद असेल तर लहान आकाराचं चित्र निवडा. स्पीकर चालू आहेत का ते पाहा.

वहिनींना म्हटलं, हा प्लेअर टाकायचा आहे.

"नाय नाय मॅडम. मशीनवर काय पण टाकू देत नाय मी. मागं एकानं गेम टाकला, आठ दिवस धंदा बंद."

मी परत जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने त्या स्वतःच मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला काय बोटीनं जायचंय का? प्रोफेसर लोकांचा पगार वाढला वाटतं."

मी सांगितलं कशासाठी ते. सगळं नाही, चार वाक्यांत. मग वहिनी म्हणाल्या, "सरका," आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

ते काही लगेच जमलं नाही. डाउनलोड अर्ध्यावर तुटायचं. पुन्हा सुरू केलं की पहिल्यापासून. एकदा पूर्ण उतरलं तर मशीनने ते घ्यायला नकार दिला. एकदा घेतलं आणि वीज गेली. "हे मशीन आमच्या मालकांसारखंय," वहिनी म्हणायच्या, "मनात आल्याशिवाय जागचं हलायचं नाय." कॉलेज सुटलं की मी तिथे जायचे, मदतीचं पान उघडायचे आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचे.

आणि एका संध्याकाळी राखाडी चौकोनाच्या जागी डेक उघडला.

पिवळसर लाकडी जमीन, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुर्च्या, पलीकडे समुद्र. माऊस ओढला की सगळं हळूच फिरायचं. माणूस एकही नव्हता. कोपऱ्यात दोन जीवरक्षक चाकं, आणि त्यांच्याखाली एक खुर्ची. मी बराच वेळ बघत बसले. माझ्या मशीनला स्पीकर नव्हते – पोरं गाणी लावतात म्हणून वहिनींनी आतल्या सगळ्या मशीनचे काढून ठेवले होते – त्यामुळे आवाज आहे की नाही हा प्रश्नच आला नाही. हे लक्षात ठेवा.

आईला घराबाहेर काढणं हे खरं काम होतं. ती तयार झाली, पण एका अटीवर. शेजारच्या मोनिकामावशीला तिने आमच्या दारात आणून बसवलं.

"कोनी हाक मारली तर तू ओ देऊ नको. तुजा आवाज त्याला म्हाईत नाय. नुसती ऐक, आन मला सांग."

"बरं गं बये, जा तू," मोनिकामावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

आम्ही रिक्षाने विरारला आलो. दुपारची वेळ होती. आत पार्टिशनांमध्ये दोघींना बसायला जागा नव्हती, म्हणून वहिनींनी आम्हाला पुढच्या काउंटरवर त्यांच्या स्वतःच्या मशीनसमोर बसवलं. त्याला मात्र स्पीकर होते, दोन लहान, करड्या रंगाचे. वहिनींनी चहा सांगितला. त्या मशीनवर प्लेअर आदल्या दिवशीच टाकून ठेवला होता, आणि मदतीच्या पानावर लिहिल्याप्रमाणे मी बाकी सगळं बंद करून फक्त डेकची खिडकी उघडी ठेवली. स्पीकरचं बटणही फिरवलं. पानावर लिहिलं होतं म्हणून.

आईने लुगड्याचा पदर सावरला आणि पुढे वाकली.

"मानसं कुठं गेली सगली?"

"फोटो काढताना बाजूला करतात."

"पानी स्वच्छ हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "खुर्च्या नीट लावल्यात. त्यानंच लावल्या आसतील."

मी फिरवत राहिले. कोपरा आला. "ही," मी म्हटलं. आईने बोट पुढे करून काचेवर त्या खुर्चीला लावलं आणि तसंच ठेवलं. मी माऊस सोडला. सोडला की चित्र आपलं आपण सावकाश फिरतं. तिच्या बोटाखालून खुर्ची सरकली, मग कठडा, मग नुसता समुद्र आला.

तेव्हा हाक आली.

'कूऽऽ' – वर चढली आणि शेवटी खाली घसरली. लांबून आल्यासारखी, मधे पानं असावीत तशी. एकदाच. स्पीकरमधून आली का? मला तसं वाटलं, पण शपथेवर सांगायला मी तयार नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की आई ओ देणार नाही. एकच हाक आहे.

आईने ओ दिली. बसल्या जागेवरून, छाती भरून, वाडीच्या त्या टोकाला पोचेल अशी – "ओऽऽऽ!" पार्टिशनांवरून डोकी वर आली. वहिनी पायऱ्यांवर चहावाल्याशी बोलत होत्या; त्या आधीच रस्त्याकडे वळून बघत होत्या. मग आत आल्या.

"कोन वरडलं हो? मला वाटलं रस्त्यावर कोन हाक मारतंय... आजी, काय झालं? अहो पंखा लावा कोनीतरी!"

आई रडत होती. माती टाकताना जे रडली नव्हती ते सगळं. मी तिला धरलं आणि मीही रडले, त्या काउंटरवर, झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत. वहिनींनी गिऱ्हाइकांना दटावून जागेवर बसवलं आणि स्वतः आईची पाठ चोळत राहिल्या. चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने आईने तोंड पुसलं, डोकं वर केलं आणि म्हणाली, "बाय, मला भूक लागली."

समोरच्या हॉटेलात तिने उसळ-पाव खाल्ला. वर अजून एक पाव मागितला. मी बघत राहिले.

परत येताना तिने रिक्षा चर्चपाशी थांबवली. आम्ही दफनभूमीत गेलो. तिने कबरीवरचं गवत हाताने उपटलं, मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. निघताना मला राहवलं नाही.

"आई, तू एकाच हाकेला ओ दिलीस."

"एक कुठं?" ती म्हणाली. "एक तर त्यानं जातानाच मारली होती. ही दुसरी."

घरी मोनिकामावशी दारात पेंगत होती. आईने तिला उठवलं, "जा आता घरी," म्हणाली, आणि दार ओढून घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत उठली नाही.

माझा स्वभाव मात्र मला स्वस्थ बसू देईना. मी पुन्हा वहिनींकडे गेले, त्याच मशीनवर, तेच स्पीकर लावून तेच चित्र उघडलं. समुद्र आला, गेला. स्पीकरमध्ये नुसती बारीक घरघर. सगळ्या बाजूंनी फिरवलं, परत परत उघडलं. काही नाही. तेव्हा मी त्या मदतीच्या पानावरच्या पत्त्यावर ईमेल लिहिली: डेकच्या फेरफटक्याचा आवाज आधी येत होता, आता येत नाही, काय करावं.

उत्तर आलं, सभ्य भाषेत. आमच्या जाहिरातीच्या फिल्मना आवाज आहे. डेकच्या फेरफटक्याला नाही. ती नुसती चित्रं जोडून केलेली आहेत, त्यात आवाजाची फाइलच नाही. दुसरी एखादी खिडकी उघडी राहिली असावी.

दुसरी खिडकी उघडी नव्हती. मीच बंद केल्या होत्या, त्यांच्याच सूचना वाचून. तसं मी कळवलं आणि विचारलं की पूर्वी कधी आवाज घातला होता का. उत्तर आलं – कधीच नाही. तुमच्या संगणकात दोष दिसत नाही, यापुढे आम्हाला काही मदत करता येत नाही, दिलगीर आहोत. खाली नेहमीचा प्रश्न होता: तुमची अडचण सुटली का? हो, नाही.

मी 'हो' वर क्लिक केलं.

रस्त्यावरून कुणी हाक मारली असेल? असेल. विरारच्या भर रस्त्यावर, दुपारच्या रहदारीत, वाडीतली हाक, ती घसरण घेऊन... मी तेही मनात मांडून पाहिलं. आम्ही दोघी त्याच्याच विचारात होतो म्हणून तसं ऐकू आलं असेल? मग वहिनी रस्त्याकडे का वळल्या? त्या तर डॉमनिकला ओळखतही नव्हत्या. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मॅडम, हाक ऐकली एवढं खरं. कुनाची ते मला काय म्हाईत?" यापलीकडे माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि कुणाला पटावं असा आग्रहही नाही. इथे कुणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर सांगा, मी खरंच वाचेन.

त्याला आता काही वर्षं झाली. कंपनीने ती बोट विकली, असं पास्कल सांगतो. ती साइट उघडत नाही. वहिनींनी सायबर कॅफे बंद करून मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. आईचे गुडघे दुखतात. तरी रविवारी ती मिस्सेला जाते आणि येताना कबरीवर फुलं ठेवते. घरात आम्ही दोघी असतो. आई दोन वेळ जेवते आणि रात्री झोपते.